मनमाड मोठं की सिन्नर? : प्रोग्रामिंगविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नव्यानं प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी एक छोटा सराव दिला होता. वापरणाऱ्याकडून दोन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या माळा, घ्यायच्या, त्यांची लांबी ताडून पाहायची आणि 'पहिली लांब', 'दुसरी लांब' किंवा 'दोन्ही सारख्या' यांपैकी एक उत्तर छापायचं. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून त्यावर आलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांनी गावांच्या नावांवर सराव केला, म्हणून उदाहरणंही तीच ठेवली आहेत. आज्ञांची नावं सदरात उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. प्रोग्राममध्ये ती रोमनमध्येच टाइप करावी लागतात.

प्रश्न : मी पायथनमध्ये थेट 'पहिली > दुसरी' अशी तुलना केली. 'येवला' आणि 'ओझर' दिल्यावर 'पहिली लांब' असं बरोबर उत्तर आलं. पण 'येवला' आणि 'मालेगाव' दिल्यावरही 'पहिली लांब' असंच येतं. असं का?
— पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : स्ट्रिंगवर '>' हे चिन्ह वापरलं की पायथन लांबी बघतच नाही. तो शब्दकोशासारखी तुलना करतो. दोन्हींचं पहिलं कॅरेक्टर, म्हणजे चिन्ह, घेतो, त्यांचे युनिकोड क्रमांक (लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेले आकडे) ताडतो आणि ते वेगळे निघाले तर तिथेच निकाल देऊन मोकळा होतो. 'येवला'चा य आणि 'मालेगाव'चा म. युनिकोडच्या तक्त्यात म नंतर लगेच य येतो, म्हणून 'येवला' मोठं ठरलं. पुढे किती कॅरेक्टर उरली आहेत हे पाहिलंच गेलं नाही. 'ओझर'च्या वेळी उत्तर बरोबर आलं ते केवळ योगायोगानं: तक्त्यात स्वर व्यंजनांच्या आधी आहेत, त्यामुळे ओ हा य पेक्षा लहान निघाला.

आणखी एका ठिकाणी ही चूक झाकली जाते. 'नाशिक' आणि 'नाशिक रोड' अशी जोडी दिली, म्हणजे एक स्ट्रिंग दुसरीच्या सुरुवातीलाच आली, तर शब्दकोशाच्या क्रमानंही आखूड स्ट्रिंग आधी येते आणि उत्तर बरोबर दिसतं. खात्री करायची असेल तर अवतरणचिन्हांत '९' आणि '१०' देऊन पाहा. तुमचा प्रोग्राम '९' ला लांब म्हणेल.

दुरुस्ती सोपी आहे. आधी 'लेन'नं लांब्या काढून दोन व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या जागांत) ठेवा, मग त्या आकड्यांची तुलना करा:

अ = लेन(पहिली)
ब = लेन(दुसरी)
इफ अ > ब : 'पहिली लांब' छापा
एलिफ अ < ब : 'दुसरी लांब' छापा
एल्स : 'दोन्ही सारख्या' छापा

काही जणांनी सर्वांत मोठं मूल्य शोधणाऱ्या 'मॅक्स' फंक्शनला 'की', म्हणजे तुलनेचा निकष, म्हणून 'लेन' देऊन एका ओळीत काम उरकलं आहे. लांब स्ट्रिंग हवी असेल तर ते चालतं. पण दोन्ही सारख्या असल्या तर 'मॅक्स' निमूटपणे पहिली स्ट्रिंग परत देतं आणि आपल्या सरावातलं तिसरं उत्तर कधीच छापलं जात नाही.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी सी भाषेत हा सराव करतोय. मी 'एफगेट्स' वापरलं आणि रोमनमध्ये 'नाशिक' टाइप केलं, तर लांबी ६ ऐवजी ७ येते. तिनं 'स्कॅनएफ' वापरलं, तर ६ येते. पण 'नाशिक रोड' दिलं तरी ६ च येते आणि दुसरी स्ट्रिंग विचारलीच जात नाही. कोणाचं बरोबर?
— दोन विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : दोन्ही प्रोग्राम दुरुस्त करावे लागतील, पण पाया म्हणून 'एफगेट्स' घ्या.

'एफगेट्स' ओळ जशीच्या तशी उचलतं, शेवटी दाबलेल्या एंटरसकट. लांबी मोजणारं 'स्ट्रलेन' मात्र शून्य बाइट (सीमध्ये स्ट्रिंग संपल्याची खूण) सापडेपर्यंत मोजत राहतं. त्यामुळे एंटरचं न्यूलाइनही मोजणीत येतं: ६ अधिक १, झाले ७. दोन्ही स्ट्रिंगची लांबी अशी एकेकानं वाढली तर तुलनेचा निकाल बिघडत नाही, म्हणून ही चूक महिनोन् महिने लपून राहते. ती उघडी पडते ती एका बाजूला न्यूलाइन असतं आणि दुसऱ्या बाजूला नसतं तेव्हा. फाइलमधली शेवटची ओळ एंटर न दाबता संपवलेली असली की असं होतं. कीबोर्डवरून आलेली स्ट्रिंग प्रोग्राममध्येच लिहिलेल्या स्ट्रिंगशी ताडली तरी असंच होतं. मग समान लांबीच्या दोन नावांत एक 'लांब' निघतं.

यावर 'लांबीतून एक वजा करा' अशी युक्ती सर्रास सांगितली जाते. ती शिकवूच नये असं आमचं ठाम मत आहे, कारण न्यूलाइन नसेल त्या वेळी ती खरं शेवटचं अक्षर खाते. त्याऐवजी 'स्ट्रिंग डॉट एच' या फाइलमधलं 'स्ट्रसीस्पन' वापरा. त्याला स्ट्रिंग आणि न्यूलाइन दिलं की न्यूलाइन कितव्या जागेवर आहे तो आकडा मिळतो. त्या जागेवर शून्य बाइट ठेवा, की स्ट्रिंग तिथेच संपते. न्यूलाइन नसेल तर हे फंक्शन पूर्ण लांबीच परत देतं. म्हणजे आधीच शून्य असलेल्या जागी पुन्हा शून्य बसतं आणि काहीच बिघडत नाही.

फाइल विंडोजवर तयार करून लॅबमधल्या लिनक्सवर वाचत असाल तर ओळीच्या शेवटी न्यूलाइनच्या आधी आणखी एक अदृश्य कॅरेक्टर येतं, त्याला कॅरेज रिटर्न म्हणतात. त्यामुळे न्यूलाइन काढूनही लांबी एकानं जास्तच येते. 'स्ट्रसीस्पन'ला दुसऱ्या जागी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन ही दोन्ही चिन्हं एकत्र द्या, म्हणजे त्यांतलं जे आधी सापडेल तिथे स्ट्रिंग कापली जाईल.

आता मैत्रिणीचा प्रोग्राम. 'टक्का-एस' देऊन 'स्कॅनएफ' केलं की ते पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबतं. 'नाशिक' पहिल्या स्ट्रिंगमध्ये गेलं आणि 'रोड' इनपुटमध्ये वाट पाहत उरलं. पुढच्या 'स्कॅनएफ'नं ते आयतं उचललं. म्हणून दुसरी स्ट्रिंग विचारलीच गेली नाही आणि तुलना झाली ती 'नाशिक' आणि 'रोड' यांची, रोमनमध्ये ६ विरुद्ध ४. शिवाय नुसत्या 'टक्का-एस'ला ॲरे (स्ट्रिंग ठेवायची मेमरीतली जागा) केवढा आहे हे ठाऊक नसतं. ॲरे ५० चा असेल तर 'टक्का-४९-एस' लिहा. उरलेला एक बाइट शेवटच्या शून्यासाठी. 'गेट्स' मात्र कुठल्याही जुन्या वहीत दिसलं तरी वापरू नका. ॲरे भरल्यावरही ते पुढच्या मेमरीत लिहीत जातं, आणि याच कारणानं २०११ च्या सी प्रमाणकातून ते काढून टाकलं आहे.

देवनागरीत इनपुट घेणार असाल तर ॲरे ऐसपैस ठेवा. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'त्र्यंबकेश्वर' या नावात अशी १३ चिन्हं आहेत, म्हणजे ३९ बाइट, आणि एंटरचं न्यूलाइन व शेवटचं शून्य धरून ४१. ॲरे २० चा ठेवून 'एफगेट्स'लाही २० सांगितलं तर ते १९ बाइट उचलतं. त्यांत 'त्र्यं'ची ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट, पूर्ण येतात आणि पुढच्या ब चा ३ पैकी १ च बाइट येतो. पडद्यावर तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. उरलेले बाइट दुसऱ्या 'एफगेट्स'च्या पदरात पडतात आणि दुसरं नाव न विचारताच निकाल छापला जातो. लक्षण मैत्रिणीच्या प्रोग्रामसारखंच, कारण मात्र वेगळं.

प्रश्न : सीमध्ये 'स्ट्रलेन(पहिली) - स्ट्रलेन(दुसरी) > 0' अशी अट लिहिली. पहिली आखूड असली तरी अट खरी ठरते. वजाबाकी छापून पाहिली तर पडद्यावर -१ दिसतं. उणे एक शून्यापेक्षा मोठं कसं?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : 'स्ट्रलेन' जो आकडा देतं त्याचा प्रकार बिनचिन्हाचा आहे, त्यात उणे संख्या मावतच नाही. ५ मधून ६ वजा केले की उत्तर शून्याच्या खाली न जाता उलट्या टोकाला, त्या प्रकारातल्या सर्वांत मोठ्या संख्येवर जातं. आजच्या ६४ बिटच्या मशीनवर ती संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५ आहे; काही लॅबमध्ये अजूनही चालणाऱ्या १६ बिटच्या टर्बो सीमध्ये ६५५३५. दोन्ही शून्यापेक्षा मोठ्याच. म्हणजे लांब्या सारख्या नसतील तेव्हा तुमची अट नेहमीच खरी ठरणार.

छापताना -१ दिसलं ते 'प्रिंटएफ'ला 'टक्का-डी' दिल्यामुळे. तेच बिट त्यानं चिन्हासह असलेली संख्या समजून वाचले. 'टक्का-झेड-यू' देऊन छापा, म्हणजे खरा आकडा दिसेल (टर्बो सीमध्ये ही सोय नाही, तिथे 'टक्का-यू'). आणि वजाबाकी करूच नका. 'स्ट्रलेन(पहिली) > स्ट्रलेन(दुसरी)' ही सरळ अट नेमकी आहे.

प्रश्न : जावामध्ये कधी 'लेंग्थ'पुढे कंस लागतो, कधी लागत नाही. नियम काय?
— वाचक, सातपूर

उत्तर : जावात स्ट्रिंगसाठी कंसासह 'लेंग्थ()', ॲरेसाठी कंसाशिवाय 'लेंग्थ', लिस्टसाठी 'साइज()'. चुकलं तर कंपायलर तिथेच अडवतो, त्यामुळे नुकसान होत नाही.

धोका जावास्क्रिप्टमध्ये आहे. तिथे स्ट्रिंगचं 'लेंग्थ' कंसाशिवाय लिहितात, आणि स्पेलिंगमध्ये शेवटचे 'टी' आणि 'एच' उलटे पडले तर भाषा तक्रार करत नाही. 'अनडिफाइन्ड' हे मूल्य देते. 'अनडिफाइन्ड' हे 'अनडिफाइन्ड'पेक्षा मोठंही नाही आणि लहानही नाही, म्हणून दोन्ही अटी खोट्या ठरतात आणि प्रोग्राम शेवटच्या 'एल्स'मध्ये जातो. काहीही दिलं तरी 'दोन्ही सारख्या' हेच उत्तर येत असेल तर आधी हे स्पेलिंग तपासा.

जावातच 'आधी जोड्या किती ते विचारा, मग स्ट्रिंग घ्या' असं केलं असेल तर पहिल्या स्ट्रिंगची लांबी ० येते. 'नेक्स्टइंट' आकडा घेतं, पण त्यामागचा एंटर तसाच सोडतं. पुढचं 'नेक्स्टलाइन' तो एंटर पाहून रिकामी ओळ परत देतं. आकडा घेतल्यावर एक 'नेक्स्टलाइन' मोकळं चालवून टाका.

प्रश्न : 'मनमाड' आणि 'सिन्नर' ही नावं रोमनमध्ये दिली तर प्रोग्राम 'दोन्ही सारख्या' म्हणतो. मराठीत दिली तर 'सिन्नर लांब' म्हणतो. मुलगी पाटीवर अक्षरं मोजून 'मनमाड लांब' म्हणते. तिला काय सांगू?
— पालक, मनमाड

उत्तर : तिचं बरोबर आहे, आणि प्रोग्रामचंही दोन्ही वेळा बरोबर आहे. तिघंही वेगवेगळ्या वस्तू मोजताहेत. हा प्रश्न आल्याचा आम्हाला फार आनंद झाला, कारण मराठी मुलांनी हा सराव रोमन अक्षरांवर करून तिथेच सोडला तर त्यातला सगळ्यात मोलाचा भाग हातून निसटतो.

रोमनमध्ये दोन्ही नावांना ६-६ अक्षरं लागतात, त्यामुळे तिथे बरोबरी. देवनागरीत संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचे घटक साठवतो. व्यंजन हा एक घटक; काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी एक; आणि व्यंजनाचा पाय मोडणारी हलन्ताची खूण हाही एक. या घटकाला युनिकोडमध्ये कोड पॉइंट म्हणतात. 'मनमाड' म्हणजे म, न, म, काना, ड असे ५. 'सिन्नर' म्हणजे स, वेलांटी, न, हलन्त, न, र असे ६. पायथनचं 'लेन' कोड पॉइंटच मोजतं. जावा आणि जावास्क्रिप्ट १६ बिटचे तुकडे मोजतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एका तुकड्यात मावतं, म्हणून तिथेही ५ आणि ६ च येतात. (इमोजीचं मात्र तसं नाही. साधा हसरा चेहरा पायथनला १, जावाला २ आणि यूटीएफ-८ मधल्या सीच्या 'स्ट्रलेन'ला ४ वाटतो.) सीमध्ये हीच नावं १५ आणि १८ बाइटची होतात, प्रमाण तेच, आकडे तिप्पट.

मुलगी मोजते ती अक्षरं: म, न, मा, ड ही ४ आणि सि, न्न, र ही ३. आपण कवितेच्या चरणातली अक्षरं बोटांवर मोजतो ती हीच. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी एकच धरलं जातं. म्हणून तिच्या मोजणीत मनमाड लांब. याहून ठसठशीत जोडी हवी असेल तर 'त्र्यंबकेश्वर' आणि 'इंदिरानगर' घ्या: कोड पॉइंट १३ विरुद्ध ९, अक्षरं ५ विरुद्ध ६.

चौथं उत्तरही संभवतं. वाचणाऱ्याला एकसंध वाटणारे गट मोजण्याचे नियम युनिकोडनं ठरवले आहेत आणि बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत त्यासाठी लायब्ररी (तयार फंक्शनांचे संच) मिळतात. २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीच्या आधीचे नियम हलन्तानंतर गट तोडत असत, म्हणजे सि, न्, न, र असे ४ गट पडत, मनमाडचेही ४. बरोबरी! नव्या नियमांनी देवनागरीतलं जोडाक्षर एकत्र धरलं जातं आणि सिन्नरचे ३ गट होतात. तेव्हा एकाच प्रोग्रामनं दोन मशीनवर वेगळी उत्तरं दिली तर लायब्ररी कोणत्या आवृत्तीचे नियम पाळते ते बघा.

मुलीला सांगायचंच असेल तर तिच्याकडून 'सिन्नर' घटकांत फोडून घ्या. स लिही, वेलांटी दे, न लिही, त्याचा पाय मोड, पुन्हा न, मग र. सहा वेळा हात उचलला, म्हणून संगणकाचे सहा.

प्रश्न : मग मुलीसारखी अक्षरं मोजणारा प्रोग्राम लायब्ररीशिवाय लिहिता येईल का? पायथन येतं.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : येईल, आणि दहाएक ओळींत. पायथनसोबतच येणारं 'युनिकोडडेटा' हे मॉड्यूल घ्या. त्यातलं 'कॅटेगरी' फंक्शन प्रत्येक चिन्हाचा वर्ग सांगतं. देवनागरीचे स्वर आणि व्यंजनं यांचा वर्ग 'एल-ओ' असतो. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांचे वर्ग 'एम'नं सुरू होतात.

आधी स्ट्रिंगमधून दोन अदृश्य जोडखुणा काढून टाका: शून्य-रुंदीचा जोडक आणि शून्य-रुंदीचा तोडक. मग 'एल-ओ' वर्गाची चिन्हं मोजा. त्यातून, ज्या हलन्तानंतर लगेच 'एल-ओ' चिन्ह येतं अशा हलन्तांची संख्या वजा करा. उरलं ते अक्षरांचं माप. 'त्र्यंबकेश्वर'मध्ये त, र, य, ब, क, श, व, र ही ८ व्यंजनं आणि ३ हलन्त: ८ वजा ३, म्हणजे ५. 'वाक्'सारख्या शब्दात हलन्त शेवटी आहे, त्यामागे काही नाही, म्हणून तो वजा होत नाही आणि उत्तर २ येतं.

या पद्धतीत मोकळ्या जागा, आकडे, विरामचिन्हं आणि रोमन अक्षरं मोजली जात नाहीत. अवग्रह मात्र अक्षर म्हणून मोजला जातो. ते चालणार आहे का हे आधी ठरवा आणि प्रोग्रामच्या डोक्यावर एका ओळीत लिहून ठेवा.

प्रश्न : शेतकऱ्यांच्या याद्या स्प्रेडशीटमध्ये दोन जणांनी टाइप केल्या आहेत. डोळ्यांना दोन्ही नोंदी सारख्या दिसतात, पण 'लेन' सूत्र एकीला एक-दोन जास्त दाखवतं आणि यादी जुळत नाही.
— वाचक, लासलगाव

उत्तर : पहिला संशय मोकळ्या जागेवर घ्या. नोंदीच्या शेवटी राहिलेली स्पेस दिसत नाही, पण मोजली जाते. 'ट्रिम' सूत्र लावून पुन्हा 'लेन' काढा. वेबपानावरून मजकूर चिकटवलेला असेल तर तिथली न तुटणारी स्पेस 'ट्रिम'नं जात नाही. तिचा क्रमांक १६० आहे. 'सबस्टिट्यूट' सूत्रात 'युनिकॅर(१६०)' देऊन तिच्या जागी साधी स्पेस आणा आणि मग 'ट्रिम' लावा. लावायचा क्रम हाच.

त्यानंही फरक राहिला तर प्रश्न टंकलेखनाच्या पद्धतीचा आहे, आणि मराठीत तो नेहमी तीन जागी येतो.

पहिली जागा म्हणजे 'शेतकऱ्या'मधला ऱ्य. काही कीबोर्ड तो ऱ या स्वतंत्र चिन्हानं लिहितात: ऱ, हलन्त, य. काही कीबोर्ड साधा र, हलन्त, अदृश्य जोडक आणि य असा लिहितात. पडद्यावर आकृती एकच, पण 'शेतकऱ्या' पहिल्या रीतीनं ८ आणि दुसऱ्या रीतीनं ९.

दुसरी जागा ॲ. एका कीबोर्डवर हे एकच चिन्ह आहे. दुसऱ्यावर अ आणि वर अर्धचंद्र अशी दोन. त्यामुळे 'ॲप' कधी २, कधी ३.

तिसरी जागा ओकार. घाईत कोणी ओकाराऐवजी काना आणि एक मात्रा वेगवेगळे दाबतं. बऱ्याच फॉन्टमध्ये फरक कळत नाही, पण 'गोदावरी' ७ ऐवजी ८ होते.

'युनिकोड नॉर्मलायझेशन' नावाची प्रक्रिया अशा गोष्टी एकसारख्या करते, असं सांगितलं जातं. र आणि खाली वेगळा नुक्ता (टिंब) असं टाइप केलं असेल तर ती त्याचा ऱ करते, तेवढं खरं. पण वरच्या तिन्ही जोड्या तिच्या दृष्टीनं वेगवेगळेच मजकूर आहेत, ती त्यांना हात लावत नाही. म्हणून स्वतःचा बदलांचा तक्ता करावा लागतो: र-हलन्त-जोडक दिसलं की ऱ-हलन्त, अ आणि अर्धचंद्र दिसलं की ॲ, काना-मात्रा दिसलं की ओकार. स्प्रेडशीटमध्ये 'सबस्टिट्यूट' तीन वेळा एकात एक घातलं की काम होतं. मूळ रकाना पुसू नका. शेजारच्या रकान्यात शुद्ध केलेली प्रत ठेवा आणि जुळवणी तिच्यावर करा.

प्रश्न : सोसायटीच्या सभासदांना मराठीत एसएमएस पाठवतो. मजकूर ७० अक्षरांच्या आत असूनही दोन संदेशांचे पैसे लागतात.
— सोसायटीचे सचिव, इंदिरानगर

उत्तर : एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन मजकूर दर अक्षरी ७ बिटनं भरला जातो, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला दर चिन्हाला २ बाइट लागतात, म्हणून ७०. पण ती ७० चिन्हं आहेत, वर सांगितलेले कोड पॉइंट, अक्षरं नव्हेत. 'उद्या पाणी येणार नाही' हे बोटांवर मोजलं तर ९ अक्षरं आणि ३ मोकळ्या जागा, एकूण १२. संदेशात त्याचे २१ होतात. ७० च्या पुढे एकही चिन्ह गेलं की संदेश तुकड्यांत जातो आणि जोडणीच्या माहितीसाठी प्रत्येक तुकड्यातली ३ चिन्हांची जागा जाते. मग दर तुकड्यात ६७ च बसतात. इंग्रजी संदेशात एकच मराठी शब्द घातला तरी संपूर्ण संदेश याच मापाला येतो. पाठवण्याआधी मजकूर स्प्रेडशीटच्या एका घरात ठेवून 'लेन' काढा. तो आकडा इथे अचूक लागू पडतो.

प्रश्न : हा सराव वर्गात तपासताना कोणत्या जोड्या द्याव्यात? आणि 'स्ट्रलेन' न वापरता लिहायला सांगितलं तर काय अपेक्षा ठेवावी?
— संगणकशास्त्राच्या शिक्षिका, देवळाली

उत्तर : दोन्ही रिकाम्या, एक रिकामी आणि एक भरलेली, दोन्ही अगदी एकच, लांबी सारखी पण मजकूर वेगळा, एकाच कॅरेक्टरचा फरक, आधी पहिली लांब आणि मग दुसरी लांब. एवढ्या जोड्या प्रत्येकाला द्याच. त्याखेरीज मधे मोकळी जागा असलेलं 'नाशिक रोड', शब्दकोशाचा क्रम आणि लांबी उलट पडणारी 'येवला–मालेगाव' ही जोडी, आणि ॲरेच्या मापाहून मोठी एक ओळ. 'लांबी सारखी, मजकूर वेगळा' ही जोडी टाळू नका. 'सारख्या' या शब्दामुळे बरीच मुलं तिथे लांबीऐवजी मजकूर ताडतात, सीमध्ये मजकूर ताडणारं 'स्ट्रकंप' घालून बसतात. प्रश्नपत्रिकेत 'दोन्हींची लांबी सारखी' असं पूर्ण लिहिलं तर ही गफलत बरीच कमी होईल.

'स्ट्रलेन'शिवाय लिहायला सांगितलं की बहुतेक मुलं दोन लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारे भाग) लावून दोन लांब्या मोजतात. ते बरोबर आहे, त्याला पूर्ण गुण द्यावेत. पण त्याहून नेटकी रीत अशी, की एकच मोजणी शून्यापासून सुरू करायची आणि दोन्ही स्ट्रिंगमध्ये त्या जागेवर शून्य बाइट नसेल तोवर ती एकेकानं वाढवत जायची. लूप थांबल्यावर पाहायचं: दोन्हींकडे शून्य असेल तर लांबी सारखी, फक्त पहिलीत शून्य असेल तर दुसरी लांब, नाहीतर पहिली लांब. एक स्ट्रिंग ३ बाइटची आणि दुसरी लाखभर बाइटची असली तरी काम ३ पावलांत संपतं. लूपची अट 'पहिलीत शून्य नाही आणि दुसरीतही शून्य नाही' अशी, म्हणजे 'आणि'नं जोडलेली हवी. तिथे 'किंवा' घातलं तर लूप आखूड स्ट्रिंग संपल्यावरही पुढच्या मेमरीत वाचत जातो. छोट्या ॲरेवर कधी उत्तर बरोबर येतं, कधी प्रोग्राम कोसळतो.

लूपच्या अटीतच 'स्ट्रलेन' लिहिणाऱ्यांकडेही लक्ष द्या. प्रत्येक फेरीत ते स्ट्रिंग पहिल्यापासून मोजू शकतं. १०,००० बाइटच्या स्ट्रिंगवर १०,००० फेऱ्या म्हणजे १० कोटी पावलं. लांबी लूपच्या आधी एकदाच काढून व्हेरिएबलमध्ये ठेवायला सांगा. पायथन आणि जावामध्ये लांबी स्ट्रिंगसोबतच साठवलेली असते, ती विचारायला वेळ लागत नाही. त्यामुळे एका मोजणीची ही रीत सीच्याच तासाला घ्या. पायथनच्या वर्गात तीच मुलं ती हौसेनं लिहितील, पण तिथे ती 'लेन'पेक्षा हळूच चालेल.